वाचणाऱ्याचे हात ओले असतात

वसुधाताईंनी माझ्या टेबलावर पाऊण लिटर पाणी ओतलं, तेव्हा मला त्या नोकरीला लागून पुरते तीन तासही झाले नव्हते. आणि त्यांनी ते ओतलं ते मीच तसं सांगितलं होतं म्हणून.

आमची कंपनी ऑटोक्लेव्ह बनवते. शस्त्रक्रियेची अवजारं वाफेनं निर्जंतुक करायची यंत्रं. घरच्या कुकरचे थोरले भाऊ समजा. मी त्यांची मॅन्युअलं लिहायला रुजू झालो होतो. आपली हुशारी लोकांना लवकर कळावी म्हणून पहिल्याच सकाळी सगळ्यात लहान यंत्राचं एक पान लिहून मी ताईंपुढे ठेवलं. ताई आमच्या विभागाच्या प्रमुख. विभागात त्या एकट्याच होत्या, त्या दिवसापासून मीही. त्यांनी ते यंत्र उचलून माझ्या टेबलावर आणलं, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाल्या, "तोंडावर बोट."

मी हसलो.

"बोट, अनंता. लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं."

हैदराबादच्या जामबागेतल्या एका शाळेत बारा वर्षं भूमिती शिकवलेल्या बाईचा तो आवाज होता. माझं बोट आपसूक ओठांवर गेलं. ताईंनी मोठ्यानं वाचलं, "एक. झाकण घट्ट बंद करा." केलं. "दोन. आतल्या खुणेपर्यंत पाणी भरा." आणि बंद झाकणावर त्यांनी शांतपणे बाटली उपडी केली. पाणी झाकणावरून टेबलावर आणि टेबलावरून माझ्या डब्यातल्या खिचडीत.

"खूण तर दिसेना," त्या म्हणाल्या. "अजून किती ओतू?"

मी बोट काढून म्हणालो, "पण ताई, आधी झाकण उघडायचं हे कुणालाही कळेल ना!"

"कळेल की. वाचणारा हुशारच असतो. पण त्याचे हात ओले असतात रे." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "एक हात यंत्रावर, डोक्यात डॉक्टरची ओरड, आणि एका डोळ्यानं तुझं पान. त्या वेळी त्याच्याकडून हुशारी मागायची नाही."

हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की आता घरी भाजीत मीठ किती घालायचं हे बायकोला फोनवर विचारतानासुद्धा मला माझे हात ओले आहेत असं वाटतं.

ताई या कंपनीत आल्या त्याची कथा त्यांच्याच स्वभावाची. त्यांच्या नणंदबाई एका दवाखान्यात नर्स. तिथल्या ऑटोक्लेव्हबरोबर आलेली पुस्तिका ताईंनी एकदा सहज चाळली आणि त्यांना राहवेना. शाळेच्या वह्या तपासाव्यात तशी लाल शाईनं ती तपासली, शेवटच्या पानावर 'पुन्हा लिहून आणा' असा शेरा मारला आणि टपालानं कंपनीला परत पाठवली. आमच्या मालकांनी, रेड्डीसाहेबांनी, ती उघडली आणि आठवडाभरात ताईंना बोलावून घेतलं. तेव्हापासून साहेब त्यांना 'टीचरम्मा' म्हणत आणि त्यांच्यासमोर खुर्चीत जरा सरळ बसत.

ताईंच्या टेबलाला तीन खण. वरच्यात लाल पेनं, मधल्यात डिंकाचे लाडू, आणि खालचा खण जगातल्या वाईट माहितीपत्रकांनी भरलेला. केसांच्या कलपाची, डास मारायच्या मशीनची, घडीच्या छत्रीची. सुलतान बाजारातून त्या एखादी वस्तू आणत ती बहुतेक वेळा आतल्या कागदासाठी. "हे बघ," म्हणत डोळे लकाकवत कागद पुढे करत, "पहिली सूचना: 'वापरापूर्वी या सूचना वाचल्या असल्याची खात्री करा.' आता याचा विचार कसा चालला असेल, सांग? असं का बरं लिहिलं असेल?"

'असं का बरं' हा त्यांचा खास प्रश्न. त्यात राग नसे. भांडं पडलं, लिफ्ट अडकली, मी मूर्खासारखा वागलो, सगळ्याला तोच प्रश्न. आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्ची ओढून बसायची तयारी.

आता मूळ अडचण. वीस वर्षांची सगळी मॅन्युअलं ताईंच्या टेबलाखालच्या एका जुन्या संगणकात होती. त्यातलं पानं जुळवायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी ते केव्हाच सोडून दिलेलं, आणि ते फक्त ताईंना उघडता येई. म्हणजे आधी डावीकडचं बटण, मग मिनिटभर थांबायचं, मग डब्याच्या कडेला हलकी चापट. ही चापट कुठंही लिहिलेली नव्हती. "बघ ना," ताई म्हणाल्या, "जगाला सांगत फिरते की जे विचारावं लागतं ते लिहिलेलंच नाही, आणि माझं स्वतःचं हे असं. मी चार महिन्यांनी निवृत्त होणार. हे माझ्याबरोबर निवृत्त व्हायला नको, अनंता."

बस, एवढंच पणाला लागलं होतं. एका बाईचं वीस वर्षांचं काम, आणि त्या कामाच्या भरवशावर कुठल्या कुठल्या गावांतल्या दवाखान्यांत यंत्रापुढे उभी असलेली माणसं.

उपाय मला ठाऊक होता. स्टॅटिक साइट जनरेटर! नाव भारदस्त असलं तरी गोष्ट सोपी. आपण साध्या मजकुराच्या फायली लिहायच्या, ही यंत्रणा त्यांची वेबसाइटची पानं करून ठेवते. पाहुणा आला की डोसा घालायला घेतला असा प्रकार नाही. चकल्या करून डबा भरलेला, ज्याला हवी त्यानं उघडून घ्यावी. दवाखान्यातल्या माणसाच्या मोबाइलवर नेट रडतखडत असलं तरी पान उघडतं. ताईंना चकलीचा दाखला फार आवडला. "पण सोऱ्या कुठला घ्यायचा?" त्यांनी लगेच विचारलं.

सोरे बाजारात ढीगभर. मी पंधरा दिवस खपून त्यांची तुलना करणारा तक्ता केला. सतरा रकाने. ताईंनी तो डावीकडून उजवीकडे आणि मग, खरंच सांगतो, उलटा धरून पाहिला.

"स्थळांची यादी आहे ही," त्या म्हणाल्या. "रंग, उंची, शिक्षण सगळं आहे. आता कामाचं विचारू का?"

"विचारा."

"हा पहिला. एकटा येतो का खटलं घेऊन?"

मी चाचरलो. पहिला म्हणजे माझा लाडका. देखणा, नव्या फॅशनचा, पानं सरकताना अशी झुळूक आल्यासारखी सरकत. पण त्याला उभं करायचं तर दुसऱ्यांनी लिहिलेली नऊशेच्या वर लहान लहान सॉफ्टवेअरं मागोमाग येत. मी आकडा सांगितला.

"अगबाई! नऊशे माणसांचं एकत्र कुटुंब! आणि त्यातला एखादा आतेभाऊ रुसला तर?"

"रुसत नाहीत हो सहसा."

"हौ," ताई म्हणाल्या. हैदराबादी माणूस 'हौ' म्हणतो तेव्हा होकार असतोच असं नाही. "आणि हा शेवटचा? याच्यापुढे काही लिहिलंच नाहीस तू."

शेवटचा साधा होता. एकच फाइल, दिसायला कचेरीतल्या कारकुनासारखा, नटणं-मुरडणं नाही. मी तो यादीत घेतला होता तो बाकीचे उठून दिसावेत म्हणून. ताईंनी त्याचं नाव 'मुनीम' ठेवलं आणि माझ्या लाडक्याचं 'नवरदेव'.

"मुनीम वीस वर्षं नांदेल," त्या म्हणाल्या. "पण नांदायचं तुला आहे, मी तर चालले. तू निवड. माझी एकच अट. माझ्या फायलींत निव्वळ मजकूर राहिला पाहिजे. त्याचे दागिने माझ्या मजकुरात ओवायचे नाहीत. उद्या सोऱ्या मोडला तर पीठ वाया जायला नको."

मी मान डोलावली आणि नवरदेव निवडला.

आता माझ्या पापाकडे येतो. नवरदेवाकडे रंगीत चौकटी होत्या. फायलीत एक खूण टाकली की पानावर सुरेख नारिंगी चौकट उमटे, कोपऱ्यात इवलंसं चिन्ह, हलकी सावली. मला मोह आवरेना. ताईंच्या धोक्याच्या सूचना बिचाऱ्या साध्या ठळक अक्षरांत उभ्या. मनात म्हटलं, एवढ्यानं काय होतंय? दोन दुपारी खपून मी सगळ्या मॅन्युअलांतल्या सगळ्या सूचना नारिंगी चौकटींत नेऊन बसवल्या. ताईंना सांगितलं नाही. पानं पाहून त्या म्हणाल्या, "छान दिसतंय रे." त्या वेळी मात्र तोंडावर बोट ठेवायला कुणी सांगावं लागलं नाही.

महिना-दीड महिना संसार सुखाचा झाला. मग एका सोमवारी सकाळी मी नवरदेवाची नवी आवृत्ती चढवली, साइट पुन्हा प्रसिद्ध केली, पहिलं पान पाहिलं, फक्कड दिसत होतं, आणि इराणी चहा प्यायला खाली उतरलो. परत येतो तो ताई फोनवर. पलीकडे यादगिरी.

यादगिरी आमचा जिल्ह्याकडचा मेकॅनिक. मोटरसायकलवर अवजारांची पिशवी आणि खिशात मोबाइल, एवढ्यावर तो पन्नास दवाखाने सांभाळी. त्या दिवशी एका दवाखान्यात वीज जाऊन आल्यावर मोठ्या ऑटोक्लेव्हचं चाक फिरवून उघडायचं दार अडकलं होतं. आत अवजारं, बाहेर ऑपरेशनची तयारी, आणि डॉक्टर त्याच्या डोक्यावर उभे. त्यानं मोबाइलवर आमचं पान उघडलं होतं.

ताईंनी फोन मोठ्या आवाजावर टाकला. "अम्मा," यादगिरी म्हणत होता, "पान में कुछ तो भी कम है. पैला नंबर, वीज बंद करो बोला. दूसरा नंबर, चाक उलटा फिराओ बोला. तुम ऐसा नै लिखते अम्मा. तुम काटा देखो बोले बगैर चाक को हाथ नै लगाने देते."

वाफेच्या दाबाचा काटा शून्यावर आल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही, ही ती सूचना. नारिंगी चौकटीतली. मी धावत जाऊन पान उघडलं. चौकट नव्हती. कुठल्याच पानावर एकही चौकट नव्हती. नव्या आवृत्तीत कुठला तरी आतेभाऊ रुसला होता आणि रुसताना त्यानं ब्रसुद्धा काढला नव्हता; माझ्या सगळ्या चौकटी आतल्या मजकुरासकट गिळून पानं गुळगुळीत करून ठेवली होती.

"डॉक्टरसाब बोलते पाना लगा के खोल दे," यादगिरी म्हणाला. "खोलूं?"

"हात लावू नकोस!" ताई ओरडल्या. मराठीतच ओरडल्या, पण तिकडे कळलं. मग हळू आवाजात, "रुक बेटा. दो कदम पीछे हो. मैं पढती."

मी एव्हाना जुनी आवृत्ती परत चढवायच्या खटपटीत होतो. पण नवरदेवाचं खटलं एकदा घरात शिरलं की बाहेर निघत नाही. पडद्यावर लाल ओळींचा पाऊस. "ताई, दोनच मिनिटं, मी करतो, हे एक झालं की..." ताईंनी माझ्याकडे न पाहता स्वतःचं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं. मी थांबलो. त्यांनी त्या पानाची मूळ फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. मजकूर होता! पीठ जसंच्या तसं होतं. त्या वाचू लागल्या, आणि जे लिहिलं असेल ते सगळं वाचायचं ही वीस वर्षांची सवय.

"चौकट सुरू. रंग नारिंगी. सावली हलकी."

"नारिंगी क्या करना, अम्मा?"

ताईंनी मान वळवून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी पूर्वी एकदाच पाहिली होती, बारावीच्या निकालाच्या दिवशी वडिलांची.

"वो छोड दे," त्या म्हणाल्या. "काटा किधर है? शून्य के ऊपर? अच्छा. बाजू का छोटा वाल्व्ह धीरे खोल. मुंह दूर रख. हाथ गीले हैं क्या? पोंछ ले पहले."

पंधरा मिनिटं त्या एकेक ओळ वाचत होत्या आणि तो 'हौ अम्मा' म्हणत होता. काटा खाली आला, शून्यावर टेकला. ताईंनी मजकुरात होती तेवढी आणखी दहा मिनिटं त्याला थांबवलं. डॉक्टरांचा आवाज फोनमधून येत होता. ताई म्हणाल्या, "उनको बोल टीचरम्मा नै बोली." शेवटी चाक फिरल्याची कुरकुर ऐकू आली आणि दार उघडलं. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की एवढा वेळ मी तोंडावर बोट ठेवूनच उभा होतो.

मी बोलणी खायला तयार झालो. राजीनाम्याची पहिली ओळसुद्धा मनात जुळवली. ताईंनी मधला खण उघडला, एक लाडू माझ्या हातावर ठेवला, खुर्ची ओढून माझ्या संगणकासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "असं का बरं झालं? दाखव मला. कोण रुसलं?"

"ताई, तुम्हाला न विचारता मी त्या चौकटी..."

"ते कळलं. हौला आहेस, ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. खिचडी बुडाली तेव्हा." हौला म्हणजे हैदराबादेत वेडपट, रागावूनही म्हणतात आणि लाडानंही, कुठलं ते ज्याचं त्यानं ओळखायचं. "त्याचं काय करायचं ते मी घरी जाऊन ठरवीन. आधी हे सांग, चौकट नाही उमटली तर मजकूर तरी ठेवावा, ही अक्कल त्याला का नाही? की त्याला वाटलं वाचणारा समजून घेईल?"

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही नवरदेवाची सगळी वंशावळ पालथी घातली. मला शरमेनं काही सुचत नव्हतं आणि ताईंच्या चेहऱ्यावर नवं माहितीपत्रक सापडल्यासारखा आनंद. अपराधी सापडला तेव्हा त्यांनी टाळी वाजवली.

मग मुनीम आला. चौकटी मी एकेक करून हातानं काढल्या. ताईंनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, शिक्षा काय ती तेवढीच. कंपनीतल्या कुणालाही दुरुस्ती करता यावी म्हणून मुनीम चालवायचा कसा याचं एक पान मी लिहिलं, आणि ताईंच्या शेवटच्या आठवड्यात त्याची परीक्षा झाली. खुर्चीत बसायला त्यांनी साक्षात रेड्डीसाहेबांना आणलं. साहेबांनी आयुष्यात स्वतः एक फाइल उघडलेली नव्हती. मी तोंडावर बोट ठेवून उभा. चौथ्या पायरीवर साहेब अडकले.

"टीचरम्मा, इथं म्हणतंय 'नेहमीच्या फोल्डरमध्ये जा'. कुणाचं नेहमीचं?"

माझं. टेबलाखाली वाकून त्या जुन्या संगणकाच्या कडेला ताईंनी हलकी चापट मारली, इतकंच. मी पान दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी साहेब कुणाला काही न विचारता सातही पायऱ्या उतरले, पडद्यावर पान उमटलं, आणि ते असे खूश झाले की त्यांनी ते आपल्या मिसेसना फोन करून सांगितलं.

ताई गेल्या. निरोपाला त्यांनी भाषण केलं नाही. खालचा खण मात्र मला बक्षीस दिला, कागदांसकट.

शेवटची भेट झाली ती नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे तिथल्या दरवर्षीच्या प्रदर्शनात, त्यानंतरच्या दुसऱ्या जानेवारीत. मी बायकोच्या मागून पिशव्या वाहत चाललो होतो. एका स्टॉलपुढे गर्दी. भाज्या कापायचं प्लॅस्टिकचं यंत्र विकणारा एक तरुण विक्रेता एरवी घसा फोडून ओरडत असणार; पण तो तोंडावर बोट ठेवून मुकाट उभा होता. त्याच्यासमोर, हातात माहितीपत्रक धरून, दोरीचा चष्मा लावलेल्या आमच्या ताई.

"'कांदा ठेवा आणि दाबा,'" त्या वाचत होत्या. "सोलून ठेवू की तसाच?" आणि तसाच ठेवून त्यांनी दाबला. गर्दी हसली. विक्रेताही बोटाआडून हसला.

मी पुढं होऊन पाया पडलो. बायकोची चौकशी झाली, मुलांची झाली. मग ताईंनी पर्समधून मोबाइल काढला. "बरं झालं भेटलास. हे वाच." आमचं मॅन्युअल होतं. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी बाई मॅन्युअल वाचत होत्या! तेच पान, अडकलेलं दार. पूर्वी काट्याच्या सूचनेत ताईंचं 'हात पुसून घ्या' असे. ते तिथं नव्हतं. सगळ्यात वर, वीज बंद करायच्याही आधी, नवी ओळ होती: 'आधी हात पुसा. ओल्या हातानं स्विचला शिवू नका.' आणि पानाच्या तळाशी, शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव: यादगिरी.

मला काहीच कल्पना नव्हती. तसं म्हणालोही. "ताई, मला विचारलं नाही त्यानं. मुनिमाचं पान वाचून त्यानं आपलं आपणच केलेलं दिसतंय."

"तुला नाही विचारलं?"

"नाही हो."

"मलाही नाही." त्यांनी मोबाइल माझ्या हातातून परत घेतला आणि ती ओळ पुन्हा वाचली, ओठ हलवत. "वीस वर्षं घोकत होते हात ओले, हात ओले. आणि स्विचच्या आधी पुसायचे हे मला सुचलं नाही! असं का बरं?"

एवढं बोलून त्यांनी विक्रेत्याला पैसे दिले, माहितीपत्रक घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि माझ्या गालाला हात लावून गर्दीत चालू लागल्या. चालता चालता मोबाइल पुन्हा वर आला, चष्मा पुन्हा नाकावर. कापायचं यंत्र स्टॉलवरच राहिलं होतं.

"अम्मा! सामान!" विक्रेता ओरडला. आता त्याचं बोट खाली आलं होतं.

ताईंनी मागं न बघता हात हलवला आणि वाचत वाचत पुढे गेल्या.